शब्दप्रभू अंडरस्कोर झिरो सेव्हन

माझे पाच ईमेल पत्ते आहेत, हे मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. कुणी विचारलं तरच सांगतो, आणि कुणी विचारावं म्हणून जमेल तेवढी खटपट करतो. "प्रोटॉनवर पाठवा ना, जीमेल मी हल्ली फक्त बँकेपुरतं ठेवलंय," असं एखादं वाक्य चहाचा कप उचलता उचलता टाकलं की समोरच्यानं जरा सावरून बसावं, अशी माझी अपेक्षा असते. समोरचा म्हणतो, "व्हॉट्सॲप करतो."

पहिला पत्ता सायबर कॅफेत काढलेला. तेव्हा कविता जोरात होती, त्यामुळे नाव टाकलं शब्दप्रभू. रेडिफमेल म्हणालं, हे गेलंय. अंडरस्कोर एक टाकून पाहिलं, दोन टाकून पाहिलं, सगळे गेलेले. आपल्याआधी इतके शब्दप्रभू होऊन गेलेत हे कळल्यावर एखादा खचला असता. मी झिरो सेव्हन घेतलं आणि त्याला जेम्स बाँडची झाक आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

कट्ट्यावर हे नाव शोभून दिसायचं. बँकेच्या काउंटरवर, मागे पंधरा माणसं उभी असताना, ते मोठ्यानं सांगावं लागतं.

"एस, एच, ए, बी, डी, ए..."

"शब्दा?"

"शब्द. पुढे प्रभू."

"अहो, प्रभू का तुम्ही? मालवणकडचे? आमच्या धाकट्या वहिनी प्रभूंच्याच."

"नाही हो, ते... बरं, पुढे अंडरस्कोर."

"म्हणजे?"

"खालची दांडी."

तेव्हापासून ती बँक मला 'प्रिय श्री. प्रभू' म्हणून कर्ज देऊ करते. पुढे जीमेलवर तेच नाव घ्यायला गेलो, तर तिथं खालची दांडी चालत नाही. टिंब चालतं, पण ते हिशेबात धरत नाहीत. घाला, काढा, अक्षराअक्षरानंतर घाला, मेल येऊन पडतो त्याच डब्यात. मी तरीही घातलं. शिवाय झिरो सेव्हनऐवजी सेव्हन झिरो असलेले एक शब्दप्रभू कुठंतरी आहेत आणि त्यांचे चाहते आकड्यांची उलटापालट करतात. 'आपली कविता वाचून डोळे पाणावले' असे मेल येतात. मी 'मनःपूर्वक आभार' एवढंच कळवतो. कविता कुणाची ते त्यांनी विचारलेलं नसतं.

पाच खाती असली की तुलना आलीच. हॉटमेल 1996 साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केलं, आणि 2004 साल उजाडलं तरी तिथं फुकटात 2 एमबी मिळत. याहूवर 4. मित्रानं लग्नाचे फोटो पाठवले की डबा भरायचा. रोज सकाळी पुसापुशी करावी लागे. मग 1 एप्रिल 2004 ला गूगलनं 1 जीबी देतो म्हटलं आणि तारीख बघून बऱ्याच जणांना ती थट्टाच वाटली. पॉल बुखाइट नावाच्या इंजिनिअरनं बांधलेल्या त्या मेलचा मंत्र होता: काही पुसू नका, लागेल तेव्हा शोधा. पुसायचं बटण सुरुवातीला दर्शनी ठेवलंच नव्हतं. हे शिकवायला कॅलिफोर्नियातून कुणी यायची काय गरज होती? आर्काइव्ह म्हणजे आपला माळा. वर टाकलं की घर आवरलेलं. आता मात्र 15 जीबीत मेल, ड्राइव्ह आणि 2021 पासून नवे फोटोसुद्धा कोंबायचे असल्यामुळे भाचीच्या बारशाचा व्हिडिओ आणि माझं वाङ्मय एकाच जागेसाठी भांडत असतात. घरचे कुणाच्या बाजूनं आहेत ते मी विचारलेलं नाही.

मधे मला 'इनबॉक्स झिरो'चं वेड लागलं होतं. मर्लिन मान या अमेरिकन गृहस्थांची ही कल्पना: मेलचा डबा रोज निकाली काढायचा, मन मोकळं ठेवायचं. त्यांनी त्यावर पुस्तक लिहायला घेतलं आणि पुरं केलंच नाही, हे कळल्यावर मला ते एकदम आपले वाटले.

पण जागा आणि आवराआवर हे वरवरचं. खरा फरक आहे तो आपल्यासाठी महत्त्वाचं कोण, हे कोण कसं ठरवतं यात. जीमेलनं 2013 मध्ये डब्याला कप्पे पाडले: मुख्य, सोशल, जाहिराती, वगैरे. त्याआधीच महत्त्वाच्या मेलाशेजारी एक पिवळी खूण यायला लागली होती. त्या खुणेवर बाण नेला की हा मेल महत्त्वाचा का, याचं कारणही दिसतं. मी ही कारणं वाचण्यात अख्खी दुपार घालवू शकतो. चपलांच्या दुकानाचा मेल महत्त्वाचा, कारण या दुकानाचे मेल मी वाचतो म्हणे. वाचतो, पण ते माझ्यात आणि चपलेत राहावं असं मला वाटत होतं.

आउटलुकमध्ये दोनच जाती, 'फोकस्ड' आणि 'अदर'. पण त्यांच्याकडे 'स्वीप' नावाचं एक बटण आहे, त्यावर माझं मनापासून प्रेम आहे. एकाच पत्त्यावरून येणारा रतीब निवडायचा आणि झाडू फिरवायचा. शेवटचा तेवढा ठेव, बाकी काढ. किंवा दहा दिवसांपेक्षा जुना झाला की आपोआप काढ. हे लग्नसमारंभातल्या ओळखींना लावता आलं असतं तर काय बहार आली असती! 'हे' नावाच्या सेवेत नवा माणूस दाराबाहेरच उभा राहतो. तुम्ही हो म्हणाल तरच आत. त्याचे वर्षाला 99 डॉलर. तेवढ्यासाठी पैसे मोजायचे म्हणजे कुणीतरी दाराशी यायला तर हवं. चेन्नईच्या झोहोवर जाहिराती नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये अमित शहांनी आपला पत्ता तिथं हलवल्याचं जाहीर केलं, आणि आमच्या बागेतल्या मॉर्निंग वॉकच्या मंडळींनी त्याच आठवड्यात तिथं खाती उघडली. अजून कुणाचा कुणाला मेल गेलेला नाही, कारण सगळे रोज सकाळी भेटतातच. पाठवलेला मेल परत ओढायची सोय जीमेलमध्ये जास्तीत जास्त तीस सेकंद. मला रागात लिहिलेल्याचा पश्चात्ताप व्हायला दोन दिवस लागतात.

आणि प्रोटॉन. सर्नमधल्या शास्त्रज्ञांनी 2014 साली काढलेलं, स्वित्झर्लंडचं. डब्यातला मजकूर कंपनीलासुद्धा वाचता येत नाही. माझं लिखाण चोरायला जग टपलेलं आहे या समजुतीनं मी तिथं गेलो. नंतर वाचलं की मजकूर कुलूपबंद असला तरी विषयाच्या ओळीला ते कडक कुलूप नसतं. म्हणजे आमचे नानाकाका तिथंही उघडेच.

नानाकाकांचा अख्खा मेल विषयाच्या ओळीत असतो. खाली मजकुराच्या जागी कोरं पान. 'नारळ उतरवले. तुझे चाळीस. पोती आण.' 'सुमनला मुलगी. दोघी ठीक. पेढे नको, बर्फी.' 'दात काढला. उरले नऊ.' सगळं रोमन लिपीत, सगळं कॅपिटलमध्ये. काका तार ऑफिसात होते. शब्दागणिक पैसे पडायचे त्या काळात त्यांनी उभी हयात लोकांची वाक्यं छाटण्यात घालवली. खिडकीशी माणूस रडत यायचा, 'आमच्या वडिलांची तब्येत काल रात्रीपासून फारच बिघडली आहे हो' असं सांगायला लागायचा आणि काका म्हणायचे, "फादर सीरियस. दोन शब्द. पुढं?" निष्ठुरपणा नव्हता तो. त्या माणसाच्या खिशात किती आहेत ते काकांना त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. पत्त्यातल्या शब्दांचेही पैसे पडायचे, म्हणून पत्ताही ते छाटून द्यायचे. गावाकडचा पोस्टमन हुशार आहे की नाही, हे धरून.

लग्नामुंजीच्या, दिवाळीच्या, परीक्षा पास झाल्याच्या ठरावीक शुभेच्छा होत्या आणि त्यांना नंबर होते. गिऱ्हाइकानं नंबर सांगायचा, तिकडच्या माणसाच्या हाती अख्खं इंग्रजी वाक्य पडायचं. जीमेलनं 2017 मध्ये फोनवर उत्तराखाली तीन तयार वाक्यं द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी हे नवल काकांना मोठ्या उत्साहानं दाखवलं. काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "तीनच?" म्हणाले. "आमच्याकडे यादी होती."

2013 च्या जुलैत तार बंद झाली. शेवटच्या दिवशी ठिकठिकाणी लोकांनी आठवण म्हणून तारा करायला रांगा लावल्या. काका तेव्हा निवृत्त होते. गेले नाहीत. म्हणाले, "गंमत म्हणून तार करतात होय?" त्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या मुलाकडून रेडिफवर खातं काढून घेतलं आणि आमच्या सबंध गोताला, चाळीसएक पत्ते एकाच रांगेत घालून, पहिला मेल केला: 'मी इथे आहे. नाना.'

मेल पाठवला की पाच मिनिटांत त्यांचा फोन येतो. "मेल टाकलाय. पोचला का?" मग ते तो फोनवर वाचून दाखवतात.

"नानाकाका, फोनवर सांगताच आहात, मग मेल कशाला?"

"लेखी असावं."

या फोनवर आम्ही भावंडं मनसोक्त हसायचो. मी तर त्यांची नक्कल करायचो, चांगली करायचो.

गेल्या पावसाळ्यात फोन आला. "मेल टाकलाय. पोचला का?" मी सवयीनं पोचला म्हटलं, डबा न उघडताच. पण या वेळी त्यांनी वाचून दाखवला नाही. नुसतं, "मग अजून घरी कसा?" म्हणाले. मेलमध्ये काय होतं ते मग त्यांच्याच तोंडून कळलं: 'अक्का सीरियस. ताबडतोब निघ.' एसटी मिळाली. पहाटे पोचलो. आमच्या अक्कानं ओळखलं, हातात हात दिला, केस कापून घे म्हणाली. दुपारी गेली.

दिवस झाल्यावर परतलो तेव्हा तो मेल शोधला. माझ्या पाचांपैकी कुठल्या खात्यात ते सांगत नाही, पण स्पॅमच्या कप्प्यात, लॉटरी लागलेल्या एका परदेशी विधवेच्या आणि केस उगवायच्या तेलाच्या मधोमध पडला होता. वर पट्टी: पूर्वी नको ठरलेल्या मेलांसारखा दिसतो. मी त्या पट्टीकडे बराच वेळ बघत बसलो. यंत्राच्या बाजूनं पाहिलं तर पटण्यासारखं आहे. सगळी अक्षरं कॅपिटल, एकदम चाळीस माणसांना, आत मजकूर नाही आणि 'ताबडतोब'. तो शब्द हल्ली वापरतं कोण? तुमचं खातं बंद होतंय, ताबडतोब इथं दाबा. वीज तोडली जाईल, ताबडतोब फोन करा. ज्या शब्दासरशी माणसं अर्ध्या ताटावरून उठून स्टँड गाठायची, तो या भामट्यांनी इतका वापरला की खराखुरा आला तरी आता दारातच धरतात. त्याच वेळी मुख्य कप्प्यात, पिवळ्या खुणेसह, चपलांवर चाळीस टक्के सूट. मला त्या यंत्राचा राग आला नाही असं म्हणणं मोठ्या मनाचं दिसलं असतं. आला. अजून आहे.

पाचही खात्यांत काकांच्या नावानं नियम घालून टाकला: यांचा मेल कधीही स्पॅममध्ये टाकू नये. हे करताना, खोटं कशाला बोलू, थोडा रुबाबही वाटला. आपल्या शब्दाला कुठंतरी किंमत आहे, एका रेघेनिशी एका माणसाला पाच ठिकाणी महत्त्वाचं ठरवता येतं. गावी गेलो तेव्हा काकांना मांडी घालून बसवलं आणि ही विद्या सविस्तर समजावून दिली. आता नातवानं त्यांना दुसरीकडे नवं खातं काढून दिलंय. म्हटलं, तुमच्याकडेही बघू, कुणा आपल्या माणसाचं पत्र अडकलं असेल.

स्पॅमचा कप्पा उघडला. एका खाली एक, माझंच नाव. लेख छापून आला की मी सगळ्या नातेवाइकांना पाठवतो, 'नवा लेख, जरूर वाचा' असं वर लिहून. एकही आत पोचला नव्हता.

"हे बघा नानाकाका! हे सगळे तुम्हाला मिळालेच नाहीत. थांबा, नियम घालून देतो."

काकांनी चष्मा वर सरकवला आणि विषयांच्या ओळी सावकाश वरपासून खालपर्यंत वाचल्या. बोटानं मोजल्याही.

"माहीत आहेत मला," म्हणाले. "राहू दे तिथंच. तीस दिवसांनी आपोआप जातात."