एक घरमालक गेला, अकरा आले

देशाचा कारभार कोणी चालवावा याविषयी आपली मतं ठाम असतात, पण आपल्यावर खरी सत्ता चालते ती सोसायटीच्या कमिटीची. पंतप्रधानांनी आजवर माझ्या बाल्कनीतल्या पंचाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. सेक्रेटरींनी काढलं, तेही लेखी, जावक क्रमांक घालून. ‘पंचा दर्शनी बाजूस वाळत घातल्याने इमारतीच्या सौंदर्यास बाधा येत असल्याचे निदर्शनास आले आहे.’ जिचं प्लास्टर दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर उतरतं, त्या इमारतीच्या सौंदर्याला बाधा आणण्याची ताकद माझ्या पंचात आहे, हे वाचून घरात माझं वजन थोडं वाढलं.

मग इरेला पेटून मी उपविधी वाचायला घेतले. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, आदर्श उपविधी २०१४ चे. पहिल्याच बैठकीत कळलं की इमारत सोसायटीची आहे आणि मी पन्नास-पन्नास रुपयांचे मूठभर शेअर बाळगून असलेला एक सभासद. बँकेचं कर्ज मात्र निखळ माझं. तिथे सहकार नाही.

मुळात सोसायटीचा हा उद्योग सुरू झाला तो घरमालकाच्या कटकटीतून सुटण्यासाठी. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली, ती या क्षेत्रातली अगदी आद्य. आपणच आपले मालक व्हायचं, अशी त्यामागची उदात्त कल्पना. आमच्याकडे तिचं फळ असं की एक घरमालक गेला आणि त्याच्या जागी कमिटीचे अकरा आले.

तरी कायद्याने या अकरांना वेसण घातलेली आहे. फ्लॅट विकला तर ट्रान्सफर प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. मात्र मेन्टेनन्स थकला तर सर्वसाधारण सभा २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते. गृहकर्जाचा हप्ता एक वेळ चुकवावा, मेन्टेनन्स चुकवू नये.

पण कमिटीला रस पैशापेक्षा नीतिमत्तेत. एकट्या मुलींना भाड्याने जागा द्यायची नाही, दिलीच तर रात्री दहानंतर त्यांच्याकडे कोण आलं याची वही वॉचमनने ठेवायची. चौथ्या मजल्यावर बोंबील भाजले की दुसऱ्या मजल्यावर ठराव शिजू लागतो. लिफ्टच्या दारावर तर नोटिसांचा थर आहे. कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळ २०१५ पासून सांगतंय. म्हणजे कुत्र्याच्या मागे निदान एक मंडळ उभं आहे. सफाईच्या मावशींच्या मागे तेही नाही. मुख्य लिफ्ट पुसायची त्यांनी, पण त्यातून वर जायचं नाही.

एवढं वाचून मी जवळजवळ क्रांतिकारक झालो होतो. तेवढ्यात वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळायला लागलं. माझ्या बेडरूमच्या छतावर आधी एक डाग उमटला, मग तो बाळसं धरू लागला. वरचे काका म्हणाले, “पाणी तुमच्याच भिंतीतून येत असेल.” पाणी खालून वर चढतं, हे मला त्या दिवशी नव्यानेच कळलं. मी तडक सेक्रेटरींकडे गेलो आणि कडाडलो, “साहेब, या सोसायटीला काही अधिकार आहेत की नाहीत?” त्यांनी शांतपणे उपविधी काढून दाखवले. संडास-मोरीच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटवाल्यांचा. काकांना नोटीस गेली, जावक क्रमांक घालून. तो क्रमांक मला त्या दिवशी फार देखणा वाटला.

म्हणून माझा निकाल असा. जिना, टाकी, लिफ्ट, पाईप आणि मेन्टेनन्स यांवर कमिटीची हुकमत हवी, आणि ती कडक हवी. उंबऱ्याच्या आत मी काय खातो, काय वाळत घालतो आणि माझ्याकडे कोण येतं यावर शून्य. गळती उंबरा ओलांडते म्हणून तीही कमिटीची. बोंबलाचा वासही ओलांडतो, मान्य. पण वासाने अजून कुणाचं छत खाली आलेलं नाही.

आता हा निकाल अमलात कोण आणणार? सभेला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यातलं जे कमी असेल तेवढे जमले तरी गणपूर्ती होते. एवढेही जमत नाहीत. मग अर्ध्या तासाने तहकूब सभा भरते, तिला गणपूर्तीची गरज नसते. येतात त्यांच्यातलेच अकरा निवडले जातात. जो आलेला नसतो त्याच्या पंचाविषयी ठराव होतो, आणि तो सर्वानुमते होतो, कारण विरोध करणारा घरी मॅच बघत असतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. नोटीस लागली की जा. वेफर्स आणि बर्फी वाटायच्या वेळेला नव्हे, हिशेब मांडले जातात तेव्हा जा.