वेगाचा जमाखर्च

आमच्या संस्थेच्या सर्व्हरात नेटवर्क अ‍ॅक्सिलरेटर जातीचे कार्ड बसवावे, ही कल्पना मूळ कोणाच्या डोक्यातून निघाली, याविषयी दफ्तरात एकवाक्यता नाही. कार्ड चालू झाल्यापासून ती आपल्याच डोक्यातून निघाली असे सांगणारे बरेच गृहस्थ पुढे आले आहेत, आणि कार्ड चालू होत नव्हते त्या काळात हेच गृहस्थ रजेवर होते, ही गोष्ट हजेरीपटावरून सिद्ध करता येण्यासारखी आहे. मंजुरीच्या दिवशी साहेबांनी आम्हां सर्वांना आपल्या दालनात पाचारण केले, दार लावून घेतले, आणि "आपल्याकडे पॅकेटे सांडतात" असे अत्यंत गंभीर स्वरात जाहीर केले.

साहेबांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या निखालस खरे होते, हे येथेच नमूद करणे न्यायाचे होईल. दहा गिगाबिटच्या तारेवरून लहानात लहान, म्हणजे ६४ बाइटांची पॅकेटे अखंड येऊ लागली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार भरते, आणि एकेका पॅकेटाच्या वाट्याला अवघे ६७.२ नॅनोसेकंद येतात. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील जेमतेम वीस मीटर जातो. म्हणजे साहेबांच्या मेजावरून निघालेला किरण फार तर आमच्या खोलीच्या उंबरठ्यापाशी पोचतो. साहेबांचा हुकूम तेथवर यायला जो काळ लागतो, तो या गणितात धरलेला नाही. तेवढ्या अवधीत प्रोसेसराने हातातले काम टाकून पॅकेट स्वीकारावे, त्यावरील पत्ता वाचावा आणि ते ज्याचे त्याला पोचते करावे, ही अपेक्षा अमानुष आहे. आणि म्हणूनच पॅकेटांची निवड व वाटणी मधल्यामध्येच उरकून त्यांना थेट प्रोग्रॅमच्या स्मृतीत नेऊन ठेवणारे एक स्वतंत्र कार्ड नेमावे, असे ठरले.

कार्ड बसवण्याचे शारीरिक कृत्य अत्यंत सोपे निघाले. सर्व्हराचे झाकण काढून खाचेत ते दाबले, एक स्क्रू आवळला, आणि यंत्र चालू करून आत कोण कोण हजर आहे याची यादी मागवली, तेव्हा नवे कार्ड मुकाट्याने आपल्या जागी हजर असल्याचे दिसले. या सृष्टीत प्रत्येक उत्पादकाला षोडशमान पद्धतीचा एक चार अंकी क्रमांक बहाल झालेला असतो. इंटेलने तर आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेऊन १९७८ साली काढलेल्या आपल्याच प्रोसेसराची स्मृती कायम करून ठेवली आहे. आमच्या कार्डानेही आपला क्रमांक विनातक्रार सांगितला. तात्पर्य, पाहुण्याचे कुल समजले. शील तेवढे समजेना. ते समजावून सांगण्याचे काम ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरचे असते, आणि त्या ड्रायव्हराला दरबारात प्रवेश मिळवून देण्याचे काम आमच्याकडे आले.

दरबार म्हणण्याचे कारण असे की, लिनक्सचा कर्नेल हा सर्व्हरातला दिवाण आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हौसेखातर लिहावयास घेतलेल्या या कर्नेलचा अंमल आज इतका विस्तारला आहे की, जगातील पाचशे अग्रगण्य महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या अखेरीपासून त्याच्या हुकमतीबाहेरचे एकही यंत्र उरलेले नाही. त्याच्या संमतीवाचून स्मृतीतले पान हलत नाही. बाहेरच्या रयतेला दिलेला शब्द हा दिवाण कसोशीने पाळतो, त्यामुळे कैक वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमही बहुधा आज बिनघोर चालतो. परंतु खुद्द कचेरीच्या आत बसून काम करू इच्छिणाऱ्या चिटणीस-फडणिसांना मात्र त्याने कसलेही अभय दिलेले नाही. आतले रिवाज तो मनास येईल तेव्हा बदलतो, आणि बदलल्याची दवंडीही पिटत नाही. या धोरणाचे मंडन करणारा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा एक निबंधच कर्नेलच्या कागदपत्रांत दाखल आहे. त्याचा मथितार्थ असा की, आपला ड्रायव्हर आमच्या मुख्य दफ्तरात जमा करा, म्हणजे रिवाज बदलताना त्यातही आम्हीच दुरुस्ती करू. बाहेर राहावयाचे असेल तर आपले आपण पाहावे. युक्तिवाद बिनतोड आहे. आमच्या कार्डाच्या उत्पादकाने बाहेर राहणे पसंत केले होते, आणि आपले आपण पाहण्याची जबाबदारी आमच्यावर सोपवली होती.

कार्डासोबत आलेल्या सूचनापत्रिकेत 'मेक', 'मेक इन्स्टॉल' आणि 'मॉडप्रोब' अशा तीन आज्ञा एकाखाली एक छापलेल्या असून चौथ्या ओळीत स्थापना पूर्ण झाल्याबद्दल आमचे अभिनंदन केले होते. या पत्रिकेचा कर्ता कोणी अत्यंत आशावादी पुरुष असला पाहिजे. पहिली आज्ञा देताच पडद्यावर तक्रारींचा असा लोंढा सुरू झाला की, आमच्या खात्यातला तरुण सहकारी खुर्चीसकट मागे सरकला. अमुक फंक्शनला तीन आर्ग्युमेंट लागतात, आपण चार दिली आहेत. तमुक स्ट्रक्चरात त्या नावाचा घटकच अस्तित्वात नाही. फलाणी हेडर फाइल स्थलांतरित झाली असून पत्ता ठेवून गेलेली नाही. तरुणाने लोंढ्याच्या शेपटाकडून वाचावयास सुरुवात केली, तोच आमच्यातले सर्वांत वयोवृद्ध तंत्रज्ञ, ज्यांना सारेजण अण्णा म्हणतात, त्यांनी त्याला हाताने थांबवले.

"खालून वाचू नकोस रे. वरून वाच. पहिली तक्रार खरी असते. बाकीच्या सगळ्या तिच्या साक्षीदार."

"पण अण्णा, तुम्ही शेवटच्या ओळीतला आकडा पाहिलात का?"

"साक्षीदार जितके जास्त, तितका खटला किरकोळ," अण्णा म्हणाले, आणि चहाची व्यवस्था पाहण्यासाठी निघून गेले.

अण्णांचे वचन प्रत्ययास आले. चार-दोन ठिकाणी जुन्या रिवाजाच्या जागी नवा रिवाज लिहिताच साक्षीदार पांगले आणि ड्रायव्हराचे मॉड्यूल घडून तयार झाले. ते कर्नेलपुढे नेले, तेव्हा दिवाणाने 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' एवढे तीन शब्द उच्चारून दार लावून घेतले. प्रत्येक मॉड्यूलच्या कपाळी ते कोणत्या कर्नेलसाठी घडले याची एक ओळ कोरलेली असते, आणि चालू कर्नेलच्या ओळीशी ती सहसा तंतोतंत जुळावी लागते. आमच्या सर्व्हरावर नवा कर्नेल केव्हाच येऊन दाखल झालेला होता. परंतु यंत्र रीबूट न झाल्यामुळे अंमल जुन्याचाच चालला होता. ड्रायव्हर घडला होता युवराजाच्या मापाचा, आणि गादीवर बसलेले होते थोरले महाराज. गादीचे हस्तांतर करावयाचे म्हणजे रीबूट, रीबूट म्हणजे लेखी परवानगी, आणि त्यातून महिनाअखेर असल्यामुळे सर्वांची पगारपत्रके त्याच यंत्रावर. वेगाच्या मार्गात वेतन आडवे आले, तर दोहोंपैकी कोण थांबेल हे सांगावयास नको.

वेतन झाले, रीबूट झाला, युवराज गादीवर बसले, आणि त्यांनी निराळीच हरकत काढली. मॉड्यूलची प्रत बरोबर आहे, मजकूर बरोबर आहे, परंतु त्यावर मान्यताप्राप्त शिक्का नाही. सबब अर्ज नामंजूर. सिक्युअर बूट नावाच्या बंदोबस्ताखाली चालणाऱ्या यंत्रात ज्याची सही दिवाणाच्या वहीत नोंदलेली नाही, अशा कोणालाही आत घेतले जात नाही, आणि हा नियम चोरापोरांच्या दृष्टीने अत्यंत उचित आहे. मौज पुढेच आहे. शिक्का कोणाचा हवा, असे विचारता उत्तर मिळते की, यंत्राच्या मालकाचा चालेल. म्हणून आम्हीच एक शिक्का खोदला. ज्या ड्रायव्हराच्या पोटात काय आहे याची आम्हांला तिळमात्र कल्पना नव्हती, त्याच्यावर तो आम्हीच उमटवला. आणि सदरहू शिक्का विश्वासार्ह असल्याचा अर्जही आम्हीच आमच्या सहीने गुदरला. सर्टिफिकेटाच्या जोरावर चालणाऱ्या या जगात स्वतःच्या चारित्र्याचा दाखला स्वतःच देण्याची इतकी निर्मळ सोय मी अन्यत्र पाहिलेली नाही.

मात्र हा अर्ज दुरून करता येत नाही. यंत्र पुन्हा उठत असताना एक निळा पडदा येतो, आणि त्या क्षणी माणसाने सदेह यंत्रासमोर उभे राहून आधी ठरवलेला परवलीचा शब्द द्यावा लागतो. आमचा सर्व्हर उठताना आपल्या स्मृतीची इतकी सावकाश झाडाझडती घेतो की, तेवढ्या अवकाशात चहा येतो, पिऊन होतो, आणि त्याचे पैसे कोणी द्यावयाचे हा वादही मिटतो. त्यानंतर निळा पडदा येतो, आणि कोणतीही एक कळ दाबण्यासाठी तो माणसाला दहा सेकंद देतो. अण्णांनी त्यांपैकी सहा चष्मा पुसण्यात आणि उरलेले चार "कोणतीही म्हणजे नेमकी कोणती?" हे विचारण्यात व्यतीत केले. पडदा गेला. पुन्हा झाडाझडती सुरू झाली. पुन्हा चहा आला.

अखेरीस ड्रायव्हर आत गेला. पण दिवाणाने त्याला आत घेतल्याची नोंद ज्या भाषेत केली, ती मनाला लागणारी होती. मुख्य दफ्तराबाहेरच्या या मॉड्यूलमुळे कर्नेल कलंकित झाला आहे, असा प्रतिकूल शेरा त्याने रोजकीर्दीत लिहिला, आणि स्वतःच्या सेवापुस्तकात ४०९६ हा आकडा मांडून ठेवला. हे आकडे निरनिराळ्या दोषांना नेमून दिलेले असतात: मालकी हक्काचे, बंद पेटीतले मॉड्यूल घेतले तर १, बाहेरचे घेतले तर ४०९६, बिनशिक्क्याचे घेतले तर ८१९२; दोष अनेक असतील तर त्यांची बेरीज होते. असा शेरा असलेल्या कर्नेलची तक्रार घेऊन त्याच्या निर्मात्यांकडे गेले, तर ते प्रथम हा आकडा विचारतात, आणि मग बहुधा दुसरे काही विचारत नाहीत. विशेष म्हणजे ज्याच्यामुळे शेरा बसला त्या ड्रायव्हराला बडतर्फ केले तरी शेरा पुसला जात नाही. तो यंत्राच्या पुनर्जन्मापर्यंत, म्हणजे पुढच्या रीबूटपर्यंत कायम राहतो.

नव्या माणसाच्या नेमणुकीने जुन्यांची बदली होते, हाही कचेरीचा सनातन न्याय येथे पाळला गेला. पूर्वी नेटवर्क कार्डांना आले त्या क्रमाने शून्य, एक, दोन अशी साधी नावे मिळत. २०१३ पासून मात्र कार्ड कोणत्या बसवर, कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून नाव पाडण्याची पद्धत रूढ झाली, आणि ती अधिक भरवशाची आहे असे मानले जाते. आमच्या नव्या कार्डाच्या आगमनाने आतल्या बसचे क्रमांक सरकले, त्यासरशी वर्षानुवर्षे इमानाने चाकरी करणाऱ्या जुन्या कार्डाचे नाव बदलले, आणि त्याच्या जुन्या नावावर लिहून ठेवलेला पत्ता बेवारस झाला. पॅकेटे सांडण्याचा प्रश्न अशा रीतीने काही काळ समूळ सुटला, कारण ती यायचीच बंद झाली. तेव्हा साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. प्रकाशकिरणाच्या मानाने ते फारसे मागे नव्हते.

जुने कार्ड नव्या नावाने रुजू झाले, चार किलोबाइटांच्या पानांऐवजी दोन मेगाबाइटांची मोठी पाने राखून ठेवली गेली, आणि वेग खरोखरच आला. पॅकेटे सांडत नव्हती. मात्र या जातीचा ड्रायव्हर बोलावण्याची वाट पाहत नाही. काही आले का, काही आले का, असे तो अहोरात्र विचारत राहतो, आणि त्यापायी प्रोसेसराचा एक कोअर, तारेवर एकही पॅकेट नसले तरी, शंभर टक्के गुंतलेला दिसतो. साहेबांनी तो आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहा, याला म्हणतात काम," ते आमच्याकडे वळून म्हणाले. आणि रिकाम्या तारेकडे टक लावून बसलेल्या त्या कोअरचा आदर्श पुढे ठेवण्याचा आम्हां सर्वांना उपदेश झाला.

त्या उपदेशाचा परिणाम म्हणून की काय, या प्रकरणाचा जमाखर्च मांडावा असे माझ्या मनात आले. नॅनोसेकंद वाचवण्यासाठी माणसांचे दिवस खर्ची पडावेत यातला अन्याय आकड्यांनी उघडा पाडावा, हा माझा हेतू होता, आणि तो सर्वस्वी शुद्ध नव्हता. हिशेबाच्या सोयीसाठी खर्ची एक आठवडा धरला; कार्डामुळे दर पॅकेटामागे एक मायक्रोसेकंद वाचतो असे मानले. आठवड्याचे मायक्रोसेकंद होतात ६० हजार ४८० कोटी. ही रक्कम फिटावयास पिढ्या लागतील या खात्रीने मी भागाकार केला, तो पुरत्या वेगाने भरलेल्या दहा गिगाबिटच्या तारेवर सारे कर्ज सुमारे सव्वाअकरा तासांत फिटते, असे उत्तर आले. सकाळी कार्ड सुरू केले तर रात्री निजण्यापूर्वी यंत्र ऋणमुक्त! फरक एवढाच की, खर्च पडला तो आमच्या नावे, आणि जमा झाली ती यंत्राच्या नावे. आणि एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळती करण्याची तजवीज कोणत्याही सूचनापत्रिकेत नाही. एवढा शेवटचा मुद्दा ठळक करून मी ते टिपण साहेबांकडे सादर केले.

टिपण दुसऱ्याच दिवशी परत आले. ठळक मुद्द्याला साहेबांनी स्पर्श केलेला नव्हता, भागाकाराखाली मात्र लाल शाईने लिहिले होते: "तर मग शंभर गिगाबिटचे कार्ड घेतल्यास हाच खर्च सुमारे १ तास ८ मिनिटांत भरून निघेल, असे दिसते. दरपत्रके मागवावीत." मी ती आकडेमोड मोठ्या आशेने पुनःपुन्हा तपासली, तीत काडीचीही चूक नाही.