डुकराला होडीत घेतलं का?

कार्टून सिनेमाचा दुसरा भाग आला की समीक्षकांचा चेहरा पंगतीत तिसऱ्यांदा जिलबीचा आग्रह झालेल्या पाहुण्यासारखा होतो. हात आडवा, मान नकारार्थी, आणि वर "पहिली फार छान होती हो" हेही सांगायचं असतं. २०२४च्या नोव्हेंबरात 'मोआना २' आला तेव्हा असंच झालं. पहिला 'मोआना' २०१६चा. रॉटन टोमॅटोजवर परीक्षणांची गोळाबेरीज करतात, तिथे पहिल्या भागाच्या बाजूने शंभरातले पंच्याण्णव समीक्षक होते, दुसऱ्याच्या बाजूने एकसष्टच्या आसपास. तक्रारी रास्तच होत्या. पहिल्या भागाची गाणी लिहिणारा लिन-मॅन्युएल मिरांडा या वेळी नव्हता. गोष्ट मुळात टीव्ही मालिका म्हणून सुरू झालेली, मग तिचा सिनेमा केला, त्यामुळे शिवण दिसते. प्रेक्षकांनी हे सगळं वाचलं असेल किंवा नसेल, पण जगभरात शंभर कोटी डॉलरहून जास्त रकमेची तिकिटं फाडली.

मला त्या एकसष्टबद्दलच कुतूहल वाटलं. आमच्या शहापुरात दहावीला एकसष्ट टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. आमच्या वेळी तेवढ्यावर पेढे वाटत आणि पोराला घड्याळ मिळे. इथे एका बिचाऱ्या सिनेमाला फर्स्ट क्लास मिळाला आणि लोक सांत्वनाला आल्यासारखे लिहीत होते.

आमच्या घरचं परीक्षक मंडळ जरा उशिराने बसलं. नोव्हेंबर अखेर म्हणजे आमच्याकडे भाताची झोडणी, आणि खळं रिकामं झाल्याशिवाय मामा कुठल्याही कलेचा विचार करत नाही. मामाचं गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. मुरबाडची रेल्वे माझ्या लहानपणापासून येतेच आहे, म्हणून मामा, मामी आणि त्यांची दुसरीतली नात एसटीने कल्याणला आले. मी आसनगावहून लोकलने गेलो. मामीने पिशवीत उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या, त्या दारावरच्या पोराने बाहेर ठेवायला लावल्या. पुढचे दोन तास तिचा अर्धा जीव त्या पिशवीत होता. परीक्षकाच्या मनःस्थितीचा निकालावर परिणाम होतो म्हणतात, तेव्हा ही नोंद असावी.

सिनेमात मोआना नवं बेट शोधायला निघते आणि बरोबर माणसं घेते. त्यात केले नावाचा एक म्हातारा, तिरसट शेतकरी आहे. त्याला पोहता येत नाही, समुद्र आवडत नाही, आणि तो होडीतही आपली रोपं सांभाळत बसतो. समीक्षकांपैकी पुष्कळांना ही होडीतली मंडळी भरताड वाटली. मामा मात्र तो म्हातारा दिसल्यापासून पुढे सरकून बसला.

"याला कशाला नेला?" त्याने मला विचारलं.

"जेवणाची सोय बघायला," मी म्हटलं.

"तसा नाय. मंत्र्याच्या दौऱ्यात एक शेतकरी लागतो फोटोला, तसा नेला."

यानंतर तो म्हातारा कुरकुरला की मामा मान डोलवायचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी पडद्यावर त्याची बाजू मांडत होतं, तेही पॅसिफिक महासागरातून.

मामीचं लक्ष पाण्यावर होतं. त्या पोरीसाठी समुद्र बाजूला होतो, वाट करून देतो, होडीतून पडली तर अलगद उचलून परत ठेवतो. डिस्नीच्या कलाकारांनी ते पाणी थेंबागणिक रंगवलं आहे आणि त्याचं कौतुक झालंही आहे. आमच्या तालुक्यांतल्या बाईने त्याच्याकडे नुसतं कौतुकाने बघावं ही अपेक्षा जास्त झाली. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा शहापुरात, भातसा शहापुरात, मोडकसागरही शहापुरातच. मुंबईच्या नळाला आमच्याकडून पाणी जातं आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मामीने समुद्राची ती सगळी आज्ञाधारक वागणूक पाहिली आणि एवढंच म्हणाली, "हिचा वशिला चांगलाय."

नातीचं परीक्षण सगळ्यात थोडक्यात होतं. पहिला भाग तिने टीव्हीवर इतक्यांदा पाहिलेला की त्यातला कोंबडा कधी कुठे धडपडतो ते ती आधी सांगायची. त्या भागात पुआ नावाचं एक गोंडस डुक्कर आहे. ते सुरुवातीला मोआनाच्या मागेमागे फिरतं आणि खऱ्या प्रवासाच्या वेळी बेटावरच राहतं. हा अन्याय जगभरच्या मुलांच्या मनात राहिला होता. दुसऱ्या भागात डुक्कर होडीत चढलं, तसा तिने सुस्कारा सोडला आणि उरलेला सिनेमा पाहुण्यांना बघायला दिला. बाहेर आल्यावर कसा वाटला विचारलं, तर उत्तर आलं, "डुकराला नेलं ना या वेळी." एकसष्ट टक्क्यांत डुकराचे किती ते त्या गोळाबेरजेत कळत नाही.

शेवटची नावं पडद्यावर धावायला लागली की लोक उठतात. आम्ही उठलो नाही, कारण मामाची एक चप्पल पुढच्या रांगेखाली गेली होती. त्या शोधकार्यामुळे आम्हाला नावांमध्येच लपवलेला जादा प्रसंग बघायला मिळाला. ज्या वादळाच्या देवामुळे हे सगळं रामायण घडलं तो नालो तिथे प्रथम धड दर्शन देतो, म्हणजे तिसऱ्या भागाची सुपारी फोडून ठेवतो. मामी म्हणाली, "ज्याने सगळं केलं तो आत्ता आला? दिवे लागल्यावर?" मोठमोठ्या परीक्षणांत खलनायक दुबळा असल्याबद्दल परिच्छेद आले आहेत. त्यांचा मथितार्थ याहून निराळा नव्हता.

आता या लोकांना दुसऱ्या भागाची सवय नाही असं कोणी समजू नये. शहापूर-मुरबाडात हरिनाम सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. सात दिवस कीर्तनं आणि शेवटी काल्याचं कीर्तन. गोकुळ तेच, दही तेच, हंडी फुटते तीही त्याच वेळेला. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, आणि नेमकी म्हणूनच तिथली समीक्षा कडक असते. कीर्तन संपून महाप्रसादाच्या रांगेत उभं राहावं आणि ऐकावं. "बुवांचं पाठांतर आहे, पण अभंग सोडून दृष्टान्तातच फिरले." "टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं म्हणून." "पेंद्या आटोपता घेतला." हा शेवटचा आक्षेप सगळ्यात गंभीर. काल्यात कृष्णाने काय केलं हे माहीत असतं, पण बोबड्या पेंद्याला पुरेसा वेळ मिळाला का, हे लोक घरी जाताना मोजतात. कीर्तनात नवीन काही नव्हतं, अशी तक्रार मात्र मी त्या रांगेत कधी ऐकलेली नाही. तशी कोणी केली तर त्याला पुढच्या वर्षी वर्गणीसाठी फिरवतील.

वर मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो, तिथेही तेच. संबळाच्या ठेक्यावर लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून सोंगं येतात आणि पहाट होईपर्यंत नाचतात. बरीच सोंगं घराण्यात चालत आलेली. गणपती येणार, रावण येणार, नरसिंह येणार. यंदा नरसिंहाऐवजी काहीतरी वेगळं करून बघू, असं म्हणायची तिथे कोणाची छाती नाही.

वेगळं करून बघण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडच्या ॲनिमेशनमध्ये झाला होता. २००५ साली व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा 'हनुमान' आला आणि मुलांनी डोक्यावर घेतला. दोन वर्षांनी, २८ डिसेंबर २००७ला, 'रिटर्न ऑफ हनुमान'. दिग्दर्शक अनुराग कश्यप! त्याच वर्षी त्याचे 'ब्लॅक फ्रायडे' आणि 'नो स्मोकिंग' आलेले, म्हणजे मुलांना घेऊन जावं असं त्या नावाभोवती काहीही नव्हतं. या भागात मारुतीरायाला पृथ्वीवर खेळायला यायचं असतं. ब्रह्मदेव करारनामा करून अटी घालतो, आणि मारुती एका भटजीच्या घरी जन्म घेऊन शाळेत जायला लागतो. काही समीक्षकांना हा खोडकरपणा आवडला, काहींना पुराण आणि आजचा काळ यांची भेळ झाली असं वाटलं. पहिल्या भागाचं यश काही त्याला गाठता आलं नाही. आठवडाभर आधीच 'तारे जमीन पर' आलेला होता, तेव्हा शाळकरी मुलगा घेऊन जाणाऱ्या आईबापांची आसवं आणि पैसे तिकडे आधीच खर्च झाले असावेत.

हा सिनेमा मामाच्या घरी पुढे टीव्हीवर लागला तेव्हा ओटीवर शेजारचे एक माळकरी बुवा बसले होते. त्यांनी मारुतीची शाळा पाहिली, डबा खाणं पाहिलं, हसलेही. मग जाहिरात लागली तशी शंका काढली, "चिरंजीव आहे ना रं हा? मेलाच नाय तर जन्म कुठून घेतला?" पोरं गप्प. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात हा प्रश्न नव्हता. वेशीवर शेंदूर लावून वर्षभर ज्याच्या पाया पडायचं त्याचा जन्मदाखला बदलताना या माणसाला आधी विचारायला हवं होतं. जाहिराती संपल्यावर बुवांनी शेवटपर्यंत पाहिला, हेही सांगितलं पाहिजे. मारुती चुकीच्या पद्धतीने आला असला तरी आला होता, उठून कसं जाणार?

२०२५च्या जुलैमध्ये 'महावतार नरसिंह' आला तेव्हा मामी स्वतःहून कल्याणला निघाली. अश्विन कुमारचा हा सिनेमा सुरुवातीला फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता, पण लोकांनी एकमेकांना सांगून चालवला आणि तोंडी प्रसिद्धीवर त्याने मोठमोठ्या नटांना मागे टाकलं. खांब फुटला तेव्हा आमच्या रांगेत दोन बायकांनी हात जोडले. मामीने चप्पल काढून पाय वर घेतले होते. मामाच्या चपलेचा अनुभव लक्षात घेता त्यात भक्ती किती आणि सावधगिरी किती, हे मी विचारलं नाही. ॲनिमेशन हॉलिवूडच्या तोडीचं नाही, असं चोखंदळ लोकांनी लिहिलं. मामीची हरकत वेगळी होती: वराह दाखवला ते ठीक, पण मत्स्य आणि कूर्म कुठे गेले?

घरी येताना मी तिला सांगितलं की निर्मात्यांनी सात चित्रपट जाहीर केलेत. २०२७ला परशुराम, मग दर दोन वर्षांनी एक, आणि २०३७ला कल्कीचा दुसरा भाग. मामीने एसटीची वाट बघत बोटांवर हिशोब केला. सत्तरीच्या पुढचा हिशोब होता तो, पण तिचा चेहरा बाजारहाटाचा.

"कल्कीचं तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "परशुरामाला मला ने. आपलं कोकण त्यानंच काढलंय. आणि त्या दारावरच्या पोराला आधीच विचारून ठेव, शेंगा सोललेल्या असल्या तर चालतात का."