पावणेतीन तोळ्यांची गोळी

(डिसेंबर 2019चा पहिला आठवडा. जिल्हाधिकारी कचेरी, शस्त्र परवाना शाखा. टेबलाच्या अलीकडे आजरा भागातले एक इनामदार, पलीकडे अव्वल कारकून.)

इनामदार : भाऊसाहेब, पेपरात आलंय ते खरं?

कारकून : सरकार आलं, ते खरं. बाकी आम्हाला काही विचारू नका.

इनामदार : मुंबईचं नव्हे हो, दिल्लीचं. एका माणसाला एकच बंदूक म्हणे.

कारकून : विधेयक मांडलंय 29 नोव्हेंबरला. कायदा अजून व्हायचाय. पण सकाळपासून तुमच्यासारखेच येताहेत. बसा की. (फाईल उघडत) दुनळी बारा बोअर, वडिलांची. .32 रिव्हॉल्वर, तुमचं. आणि .470ची दुनळी रायफल, आजोबांची. कुठली ठेवणार ते ठरवून ठेवा. कायदा झाला की उरलेल्या दोन वर्षभरात पोलीस ठाण्यात नाहीतर विक्रेत्याकडे जमा.

इनामदार : वारशानं आलेलीसुद्धा?

कारकून : वारशाचीसुद्धा. मसुद्यात तसं स्पष्टच आहे.

इनामदार : आजोबांच्या वेळी मोजदादच नव्हती. 1983ला तीनवर आणलं, आता एकावर. पुढच्या दुरुस्तीत नळी माझ्याकडे आणि दस्ता तुमच्याकडे.

कारकून : दस्ता नको. ठेवायला कपाट नाही.

इनामदार : मला एक सांगा. माझी .470, तिची गोळी पाचशे ग्रेनची. म्हणजे पावणेतीन तोळे! आमच्या मंडळींच्या पाटल्यांचं वजन मी एवढ्या अभिमानानं सांगत नाही. आफ्रिकेत हत्ती लोळवायला केलेलं हत्यार हे. कायद्याच्या भाषेत ही कोण?

कारकून : अप्रतिबंधित बोअर.

इनामदार : आणि थ्री-नॉट-थ्री?

कारकून : प्रतिबंधित.

इनामदार : म्हणजे हत्ती पडतो ती चालते, आणि हवालदाराच्या खांद्यावर जन्मभर लोंबकळली ती चालत नाही!

कारकून : कायदा ताकद बघत नाही साहेब, काडतूस बघतो. थ्री-नॉट-थ्री म्हणजे फौजेचं काडतूस. सरकारी कोठारातनं चोरीला गेलं, तर बाहेर कुणाच्या बंदुकीत बसता कामा नये, एवढाच विचार. तुमचं काडतूस चोरून चोर करणार काय? पेपरवेट?

इनामदार : ही अक्कल इंग्रजाची. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं हिंदुस्थानात .450 बोअर बंद केला. का, तर बंडखोरांकडे मार्टिनी-हेन्री होत्या, त्यांना तो माल मिळेल म्हणून. शिकारी साहेब हवालदिल. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं असेल?

कारकून : अर्ज?

इनामदार : छिद्र वाढवलं! कुणी .465 काढली, कुणी .475, कुणी .476. आमची .470 त्यातलीच. बंदी होती .450वर, ही तिच्यापेक्षा इंचाच्या दोन शतांशांनी जाड. हत्तीला फरक कळला नसेल, पण कस्टमवाल्याला कळला. बंदी आली नसती, तर ही रायफल जन्मालाच आली नसती. सरकारी निर्बंधाचं अपत्य आहे ते, आणि आता सरकारच तिला घराबाहेर काढतंय.

कारकून : शेवटची कधी वाजली?

इनामदार : 1972ला शिकार बंद झाली, त्यानंतर नाही. गंमत बघा, आमच्याकडे आता खरेखुरे हत्ती येतात. कर्नाटकातनं उतरतात, चंदगड-आजऱ्याचा ऊस खातात. हत्तीची रायफल भिंतीवर टांगलेली आणि आम्ही बांधावर डबे बडवतोय. हत्ती एकदा वाड्यासमोर थांबलाही होता. मला वाटतं, त्याला माहीत असावं.

कारकून : मग ठेवता कशाला?

इनामदार : दसऱ्याला पूजा असते. यंदा तीही चुकली. विधानसभेची आचारसंहिता, म्हणून तिन्ही हत्यारं ठाण्यात जमा. मी ताट घेऊन ठाण्यातच गेलो. त्यांचीही शस्त्रपूजा चालली होती. फौजदार म्हणाले, ठेवा तुमचंही आमच्या रांगेत. हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले, पावती दाखवली आणि रिकाम्या हातानं घरी.

कारकून : नात तुमची नेमबाजी करते ना?

इनामदार : करते. तिचंही जातंय की काय?

कारकून : छे. रायफल क्लबच्या सदस्याला सरावाच्या .22ला ही मर्यादा आधीपासूनच लागू नाही. तेजस्विनी सावंतांनी गेल्याच महिन्यात दोह्यात टोकियो ऑलिम्पिकची जागा मिळवली, ती .22वरच. 2010ला म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या, तेव्हाही तीच.

इनामदार : मग माझीही सरावासाठी लिहा.

कारकून : .22ची गोळी पाव तोळ्याचीसुद्धा नसते. तुमच्या गोळीनं सराव केला, तर कागदाबरोबर मागचा बंधाराही जाईल. कोल्हापूर तसंच पुरातनं आत्ता कुठं उठलंय.

इनामदार : आणि ते गावठी कट्टेवाले? ते कधी आले होते इथे परवाना मागायला?

कारकून : नाही. ते फार समजूतदार. आम्हाला त्रास देत नाहीत.

(डिसेंबरचा शेवट. तीच कचेरी, तेच दोघे.)

कारकून : पेढे काढा! 9 तारखेला लोकसभा, 10ला राज्यसभा, 13ला राष्ट्रपतींची सही. दोन ठेवता येतात.

इनामदार : तीन होत्या, एक म्हणाले, दोनावर तुटलं. मेथीची जुडी घ्यावी तसा कायदा केला म्हणायचा.

कारकून : शिवाय परवाना आता तीनऐवजी पाच वर्षांचा. आपली भेट लांबली. आणि लग्नात-वरातीत बार काढलात, तर दोन वर्षं कैद नाहीतर लाखाचा दंड, नाहीतर दोन्ही.

इनामदार : आमच्या घरात लग्न जमणं एवढं अवघड, की जमलं तर लाख भरीन. बरं, तिसरीचं काय?

कारकून : (दाराकडे बघून, हळू) सत्तरी झाली तुमची?

इनामदार : एकाहत्तर.

कारकून : मग 2016चे नियम आहेत. सत्तरी झाली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, की कायदेशीर वारसाच्या नावावर करता येतं. त्या वारसाला परवाना मिळाला पाहिजे, एवढंच. दोन तुमच्या नावावर, एक काकूंच्या.

इनामदार : म्हणजे पुन्हा दोन शतांश इंच! भाऊसाहेब, तुम्ही लंडनला दुकान काढायला हवं होतं.

कारकून : काकूंचा अर्ज आणलात?

इनामदार : सही आणली. डॉक्टरांचा दाखलाही आणला. बंदूक चालवायचं प्रशिक्षण घ्यावं लागेल म्हटल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, घेते.

कारकून : आता हा रकाना. शस्त्र कशासाठी हवे? आत्मसंरक्षण लिहू?

इनामदार : नको. ती म्हणते, साहेबांनी कोणापासून विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

कारकून : पीक संरक्षण?

इनामदार : आजरा तालुका, ऊस आणि हत्तीची रायफल. अर्ज तुमच्याकडे पोचायच्या आत वनखातं माझ्या दारात.

कारकून : मग राहिलं काय? क्रीडा.

इनामदार : तेही विचारलं. म्हणाली, चालेल. पन्नास मीटरवर तुम्ही उभे राहा.