आठ गुणांचं दुखणं

फ्लोरिडात एखाद्याचं किती दिवस दुखणार, हे त्याचं त्याला ठरवता येत नाही आणि त्याच्या डॉक्टरलाही फारसं येत नाही. ते काम १ जुलै २०१८ पासून तिथल्या कायद्यानं स्वतःकडे घेतलं आहे. दुखणं तात्पुरतं असेल तर ऑक्सिकोडोन, मॉर्फिन अशा अफूच्या कुळातल्या गोळ्या तीन दिवस पुरतील एवढ्याच लिहायच्या. डॉक्टरनं चिठ्ठीवर ‘अक्यूट पेन एक्सेप्शन’ असं लिहिलं आणि त्याचं कारण केसपेपरवर नोंदवलं, तर सात दिवस. कर्करोग, अखेरच्या अवस्थेतला रुग्ण आणि असाध्य आजारातली शुश्रूषा यांना ही मर्यादा लागू नाही. इथवरचा मजकूर माणसानं लिहिलेला दिसतो. पुढे चौथी सूट आहे. अपघाती इजेलाही मर्यादेतून मोकळीक, फक्त त्या इजेचा ‘इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर’ नऊ किंवा त्याहून जास्त हवा. दहावीला पस्तीस लागतात, फ्लोरिडात दुखायला नऊ लागतात.

हे नऊ गुण कसे मिळवायचे ते पाहू, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुलं तिकडे आहेत आणि अभ्यासक्रम आधी माहीत असलेला बरा. शरीराचे सहा विभाग पाडायचे: डोकं आणि मान, चेहरा, छाती, पोट, हातपाय आणि कातडी. प्रत्येक विभागातल्या सर्वांत वाईट इजेला एक ते सहा यांपैकी गुण द्यायचे. मग सर्वाधिक गुणांचे तीन विभाग घ्यायचे, त्यांचे वर्ग करायचे आणि बेरीज मारायची. मांडीचं हाड मोडलं तर तीन गुण, तिनाचा वर्ग नऊ, विद्यार्थी पास. नडगी मोडली पण हाड कातडीबाहेर आलं नाही, तर दोन गुण, वर्ग चार, नापास. नडगीबरोबर दोन्ही मनगटंही मोडली तर? तरीही चार. हातपाय हा विषय एकच आणि एका विषयाचा एकच पेपर धरतात, त्यामुळे दोन मनगटं फुकट गेली. आता छातीच्या मधलं हाडही मोडलं असं समजू. विषय वेगळा, गुण दोन, वर्ग चार, एकूण आठ. नडगी गेली, दोन्ही मनगटं गेली, श्वास घेताना छातीत कळ येते आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनं हा गृहस्थ तीन दिवसांत बरा होणारा आहे. ग्रेस मार्कांची सोय नाही. पण थांबा, पडताना त्याचं कोपर खरचटलं आहे का? खरचटलं असेल तर कातडी या विषयात एक गुण, एकाचा वर्ग एक, आठ आणि एक नऊ. अभिनंदन! चार हाडं मोडून जे साधलं नाही, ते खरचटण्यानं साधलं. तेव्हा पडायचंच झालं तर लांब बाह्यांचा सदरा घालून पडू नये. या पद्धतीत सात गुण मिळवणं मात्र कुणालाही शक्य नाही. एक, चार आणि नऊ यांतून तीनपर्यंत आकडे घेऊन हवी तशी बेरीज करून पाहा, सात येत नाहीत. म्हणजे सहाचं दुखणं आहे, आठचं आहे, पण सातचं दुखणं फ्लोरिडात गणितानंच बंद पाडलं आहे. एवढा खात्रीशीर वेदनाशामक औषधाच्या दुकानातही मिळायचा नाही.

शस्त्रक्रियेला तर गुणच नाहीत. गुडघा बदलताना मांडीचं आणि नडगीचं हाड करवतीनं कापतात, पण तो अपघात नव्हे, ठरवून केलेलं काम. कायद्याच्या व्याख्येतच शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं तात्पुरत्या दुखण्यात धरलं आहे, त्यामुळे मर्यादा तीन दिवस, फार तर सात. तेच हाड मोटारीखाली येऊन मोडलं असतं तर गुणांनिशी सूट होती. मुतखड्याचीही हीच गत. तो आतून येतो, बाहेरून कुणी मारलेला नसतो, म्हणून परीक्षेला बसायचीच परवानगी नाही. आणि ही परीक्षा मुळात दुखण्याची नव्हेच. वाहन-अपघातातल्या जखमींपैकी कोण जगेल आणि कोण दगावेल याचा अंदाज बांधता यावा म्हणून १९७४ साली ही गुणपद्धत मांडली गेली. किती दुखतंय हे तिनं कधी विचारलं नाही. शिवाय ती बिनचूक मांडायची तर आधी सगळ्या इजा कळाव्या लागतात. मोठ्या रुग्णालयांत हे काम त्यासाठी तयार केलेली माणसं नोंदी चाळून करतात, पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर. म्हणजे निकाल लागेपर्यंत तीन दिवसांच्या गोळ्या संपून चौथा उजाडलेला असू शकतो. जो पास होतो त्याच्यासाठी कायद्यानं बक्षीसही ठेवलं आहे. त्याच्या चिठ्ठीवर अफूचा उतारा असलेलं औषधही डॉक्टरनं सक्तीनं लिहायचं. विश्वास ठेवलाच आहे तर तो अर्धाच ठेवलेला बरा.

कुठलाही कायदा बारकाईनं वाचला तर हास्यास्पद दिसतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणून हा तीन दिवसांचा आकडा आला कुठून ते पाहायला हवं. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉक्टरांसाठी एक राष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. तात्पुरत्या दुखण्याला बहुतेक वेळा तीन दिवसांच्या गोळ्या पुरतात, सातपेक्षा जास्त क्वचितच लागतात, असा तिच्यात सल्ला होता. तोही बाह्यरुग्ण तपासणाऱ्या प्राथमिक डॉक्टरांना, हाडं कापणाऱ्या सर्जनना नव्हे. ‘बहुतेक वेळा’ आणि ‘क्वचितच’ हे शब्द कायद्याला पचत नाहीत, आकडे पचतात. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सनं सात दिवसांचा कायदा केला, पुढच्या वर्षी न्यू जर्सीनं पाचांवर आणला, फ्लोरिडा तीनवर आला. खरी मौज पुढेच आहे. २०२२ साली मार्गदर्शिका सुधारली, तेव्हा त्या सल्ल्यातून हे दिवसांचे आकडेच काढून टाकले. दुखणं जितके दिवस तेवढ्या तीव्रतेचं राहील असा अंदाज आहे तितक्याच गोळ्या द्या, असा नवा सूर आहे. थोडक्यात, डॉक्टरनं डोकं वापरावं. सल्ला देणाऱ्यांनी सल्ला मागे घेतला आणि कायदा जागच्या जागी आहे. त्यातही या कायद्यानं दिवस मोजले, गोळ्या मोजल्या नाहीत. तीन दिवसांत रोज किती आणि किती ताकदीच्या, यावर बंधन नाही. व्यसनाची भीती होती ती अफूची की कॅलेंडरची?

आता मुख्य आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या देशात २०१७ या एका वर्षात सुमारे सत्तर हजार माणसं मादक द्रव्यांच्या अतिसेवनानं मेली, तिथल्या आमदारांनी हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. आणि कायद्यानं काही साधत नाही असं म्हणायची सोयही फ्लोरिडानंच ठेवलेली नाही. २०१० साली अख्ख्या अमेरिकेत स्वतःच्या दवाखान्यातून सर्वाधिक ऑक्सिकोडोन विकणाऱ्या शंभर डॉक्टरांपैकी ९८ एकट्या फ्लोरिडात होते. बाहेर ‘पेन क्लिनिक’ची पाटी, आत रोकड, आणि आवारात दूरच्या राज्यांच्या नंबरप्लेटांच्या गाड्या. तेव्हा राज्यानं या दुकानांवर धाडी घातल्या आणि डॉक्टरांनी दवाखान्यातूनच अशा गोळ्या विकायला २०११ मध्ये बंदी केली. २०१० ते २०१२ या दोन वर्षांत तिथले ऑक्सिकोडोनचे मृत्यू ५२ टक्क्यांनी घटले. हा कायदा उत्तम होता, कारण त्यानं दुकानदार धरला. सात वर्षांनी त्याच राज्याला मनगट मोडलेलं गिऱ्हाईक सापडलं. तोवर देशभर या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आधीच उतरणीला लागल्या होत्या. २०१२ मध्ये साडेपंचवीस कोटी, २०२० मध्ये चौदा कोटींच्या आसपास. चिठ्ठ्या जवळपास निम्म्यावर आल्या, मग मृत्यू? ते २०२१ मध्ये एक लाख सहा हजारांवर गेले, आणि त्यांतले बहुतेक रस्त्यावर मिळणाऱ्या चोरट्या फेंटानिलचे. त्या फेंटानिलला चिठ्ठी लागत नाही, तीन दिवसांची अट नाही आणि खरचटलं आहे का, असं तो विकणारा विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. जास्त दिवसांची चिठ्ठी म्हणजे जास्त काळाची सवय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिली चिठ्ठी किमान एका दिवसाची मिळालेल्यांपैकी सुमारे सहा टक्के लोक वर्षभरानंतरही या गोळ्या घेत होते, आठ किंवा अधिक दिवसांची मिळालेल्यांपैकी साडेतेरा टक्के. आकडे खरे आहेत. पण जास्त दिवसांची चिठ्ठी कुणाला मिळते? ज्याचं जास्त दुखतं त्याला. ज्याचं जास्त दुखतं तो जास्त दिवस घेतो, यात चिठ्ठीचा दोष किती आणि गुडघ्याचा किती, हे त्या टक्क्यांतून कळत नाही. उरलेल्या गोळ्यांचा मुद्दा याहून बळकट आहे. शस्त्रक्रियेनंतर अशा गोळ्या मिळालेल्यांपैकी ६७ ते ९२ टक्के लोकांकडे त्या शिल्लक राहिल्या, असं अनेक पाहण्यांचा आढावा सांगतो, आणि कपाटात राहिलेल्या गोळ्या घरातल्या पोराच्या हाती लागतात. डॉक्टर सढळ हातानं लिहीत होते, यात वादच नाही. अक्कलदाढ काढल्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही साधी जोडी इतकं काम करते की अफूच्या गोळ्यांची गरजच सहसा पडत नाही. मग दाढेला तीन दिवस तरी कशाला? आणि बदललेल्या गुडघ्याला तीन दिवस पुरणार कसे? एकच आकडा दाढेला जास्त आणि गुडघ्याला कमी पडत असेल, तर तो सरासरीला बरोबर आहे, आणि सरासरीचं ऑपरेशन अजून कुणी केलेलं नाही.

तीन दिवसांनी पुन्हा लिहून घ्या की, असंही म्हणतात. कायदा नवी चिठ्ठी नाकारत नाही हे खरं. पण या वर्गातल्या औषधांची जुनी चिठ्ठी पुन्हा चालत नाही, दरवेळी नवीन लागते, आणि दरवेळी डॉक्टरनं राज्याच्या नोंदवहीत या रुग्णानं आधी कुठून काय घेतलं ते तपासायचं. गुरुवारी गुडघा बदललेल्या बाईच्या गोळ्या रविवारी संपतात. तिचा सर्जन रविवारी भेटत नाही. जो भेटतो तो तिला ओळखत नाही, आणि अनोळखी बाई रविवारी संध्याकाळी अफूच्या गोळ्या मागते आहे म्हटल्यावर तो काय समजतो, हे त्या बाईला त्याच्या नजरेतच दिसतं. या नजरेचा मला खरा राग आहे. दिवसांची मर्यादा हा नुसता आकडा नसतो. तिच्यामुळे चौथ्या दिवशी कण्हणारा प्रत्येक माणूस संशयित ठरतो. वहीत डोकं घालून ‘नियम आहे हो’ म्हणणं डॉक्टरलाही सोयीचं जातं, कारण गोळी न दिल्याबद्दल कुणाचा परवाना गेल्याचं ऐकिवात नाही. दिल्याबद्दल जातो.

हे हसणं आपल्याला मात्र शोभत नाही, कारण या रस्त्यानं शेवटपर्यंत जाऊन आलेला देश आपलाच आहे. अमली पदार्थांचा आपला कायदा १९८५ चा. कागदावर वैद्यकीय वापराला मुभा होती. प्रत्यक्षात राज्याराज्यांचे वेगळे नियम, वेगवेगळ्या खात्यांचे परवाने, त्यांच्या वेगवेगळ्या मुदती, आणि नोंदीतल्या चुकीला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होऊ शकेल अशी कलमं. रुग्णालयांनी सोपा मार्ग काढला, मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. बारा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली साऱ्या देशाला मिळून १८ किलोंवर आला. मुंबईतला गर्दचा धंदाही त्या बारा वर्षांत ९७ टक्क्यांनी बसला, असं कुणी म्हणत नाही. आणि हे त्या देशात, जिथे मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, बोंडाला चिरा देऊन चीक काढतात, सरकार तो ग्रॅमवर तोलून घेते आणि परदेशी पाठवते. अमेरिका आपल्या औषधांसाठी लागणाऱ्या या कच्च्या मालाचा ऐंशी टक्के भाग भारत आणि तुर्कस्तान यांच्याकडून घेईल, असा तिचा १९८१ पासूनचा नियम आहे. तिकडे तीन दिवस तरी मिळतात. नीमचच्या शेतमजुराला कर्करोगात पॅरासिटामॉलवर कण्हत पडावं लागलं, शेताच्या बांधापलीकडे औषध उभं असताना! त्याच्या दुखण्याला कुठलाच गुणांक नव्हता, कारण त्याला परीक्षेचा फॉर्मच मिळाला नव्हता.

तो कायदा २०१४ मध्ये दुरुस्त झाला. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि सगळा कारभार राज्याच्या एकाच अधिकाऱ्याकडे आला. चूक उमगून दुरुस्तीवर सही व्हायला २९ वर्षं लागली. त्या हिशेबानं फ्लोरिडाची पाळी २०४७ साली आहे. तोपर्यंत मनगटं आपोआप जुळून येतील.