बिनपगारी ड्रायव्हर

बारावी सुटली, वाघोलीच्या कॉलेजात एफवायला नाव लागलं, की वढू बुद्रुकच्या एखाद्या सधन घरात वह्या-पुस्तकांच्या आधी गाडीचा विषय निघतो. दारात पांढरी स्कॉर्पिओ उभी असते. नंबर ८०५५, लांबून ‘बॉस’ वाचता यावा म्हणून जादा पैसे मोजून घेतलेला. नव्या सरकारी पाटीवर तो आकड्यांतच उमटतो, हे दुःख चिरंजिवांनी गिळलेलं असतं. आईला जिवाची काळजी, वडिलांना डिझेलची, आणि आज्जीला एकच भीती, की गाडीपायी पोरगं बिघडेल. ही भीती सर्वांत निराधार. गाडीवालं पोरगं बिघडायला मोकळं राहतच नाही, कारण पहिल्याच आठवड्यात ते साऱ्या भावकीचा बिनपगारी ड्रायव्हर होतं.

पुरावा सकाळीच मिळतो. कोरेगाव भीमाच्या चौकात चौघे चढतात. एकाला एसी हवा, दुसऱ्याला त्याचंच गाणं हवं, आणि डिझेलचा विषय निघाला की चौघांनाही एकदम मोबाईलवर महत्त्वाचं काही दिसतं. पुढे नगर रोडला रांजणगाव-सणसवाडीकडचे कंटेनर आणि वाघोलीची कोंडी. तिथे दुचाकीवाले कडेकडेने निसटतात आणि दादा काच खाली करून बघत बसतात. कॉलेजच्या आत विद्यार्थ्याच्या चारचाकीला जागा नाही, म्हणून गाडी बाहेर, भेळेच्या गाड्याला खेटून. मग वर्गात निम्मं लक्ष फळ्याकडे आणि निम्मं खालच्या हॉर्नकडे. तेवढ्यात घरून फोन : ‘येताना आत्याला खराडीतून घे, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला टाकलाय तो आण, आणि आबांच्या गोळ्या विसरू नको.’ बसने येणाऱ्याला असला फोन कोणी करत नाही.

यावर म्हणतील, बसला लोंबकळत जावं का? तक्रार रास्त आहे. कॉलेजच्या वेळेला नगर रोडच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पण हिशेब पाहा. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, रोज तीन लिटर, नव्वदीच्या घरातलं डिझेल. महिन्याला सहा हजार नुसते धुरात. एसटी विद्यार्थ्याला पासात दोन तृतीयांश सवलत देते. शिवाय त्याच घरातली बहीण, जिला गुण याच्यापेक्षा जास्त आणि संध्याकाळी उशिरा परतण्याची अडचण खरी, ती मुकाट्याने पास काढते. तिच्यासाठी गाडीचा विषय निघालेला ऐकिवात नाही. गरज हेच कारण असतं, तर किल्ली आधी तिच्या हातात गेली असती.

‘पोरानं मिरवू नये का?’ असं मामा विचारतात. मिरवावं, पण आधी अठरा पूर्ण असावेत. अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०२४च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन पोराच्या पोर्शेखाली दोन जीव गेल्यावर हे कलम पारावरही पाठ झालं. आणि मिरवायचं तरी कुठे? १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाची गर्दी, नगर रोडची वाहतूक वळवलेली. फाल्गुन अमावास्येला गावातल्याच संभाजी महाराजांच्या समाधीला माणूस लोटतो. त्या दिवशी गावातली गाडी दारातून हलली तरी पुष्कळ.

एवढं सांगूनही गाडी जातेच; ‘दिवाळीपर्यंत ने, मग बघू’ असं ठरतं. दिवाळीला दादा स्वतःच किल्ली टेबलावर ठेवून म्हणतात, ‘पप्पा, मला साधी स्प्लेंडर द्या.’ पप्पा पेपरातून मान वर न काढता विचारतात, ‘मग आत्याला कोण आणणार?’