बिगरसभासदाचा ऊस

सांगली जिल्ह्याला बढती मिळाली 1960 साली. त्याआधी अकरा वर्षं त्याचं नाव ‘दक्षिण सातारा’. म्हणजे संसार वेगळा, चूल वेगळी, पण कुणी नाव विचारलं की थोरल्या भावाचं सांगायचं. मग 21 नोव्हेंबरला पाटी बदलली आणि सांगलीकर सुटले. (सातारकरांच्या मते बिघडले. असो.)

हे आठवायचं कारण जॉर्जिया. अमेरिकेतला नव्हे, स्टालिनचा. तिथली माणसं रग्बी खेळतात आणि गेली पंचवीसेक वर्षं पाटी बदलायची वाट बघतात.

युरोपात फेब्रुवारी-मार्चमध्ये रग्बीच्या दोन पंगती बसतात. पहिलीत इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्स आणि 2000 साली पाट मिळालेला इटली. स्पर्धेचं नावच ‘सिक्स नेशन्स’, त्यामुळे सातवं पान मांडायचं तर आधी बोर्ड रंगवायला पेंटर बोलवावा लागेल. दुसरी पंगत ‘रग्बी युरोप चॅम्पियनशिप’ची. तिथे जॉर्जिया, रोमानिया, पोर्तुगाल, स्पेन, बेल्जियम वगैरे मंडळी. 2018 पासून 2025 पर्यंत सलग आठ वर्षं या पंगतीत जॉर्जिया पहिला. आठ वर्षं वर्गात पहिला नंबर आणि आठ वर्षं तोच वर्ग, तोच बाक. गंमत म्हणजे या पंगतीतून खाली घसरायची सोय चोख आहे. 2025 ला पोलंड खाली गेला, स्वित्झर्लंड वर आला. फक्त पहिला आलेल्यासाठी माडीवर जायचा जिना बांधायचा राहिला.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे अन्यायाचं वाटेल. कराड-वाळव्याच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. जॉर्जिया बिगरसभासद आहे, विषय संपला.

सहकारी साखर कारखान्याच्या गाळप क्षेत्रात जन्म काढलेल्या माणसाला विचारा. बिगरसभासदाचा ऊस सोळा कांड्यांचा असू दे, नाहीतर वीस. हंगाम जोरात असला की गट ऑफिसात एकच प्रश्न, ‘नोंद आहे का?’ नोंद असली तर ‘लागणीची तारीख बघू.’ तारीख बसली तर ‘टोळी नाही.’ तोवर उसाला तुरा येतो, फडात उंदीर नांदायला लागतात, वजन उतरतं. शेजारच्या सभासदाचा ऊस आडवा पडलेला, निम्मा वाळलेला, पण त्याच्या फडात कोयते चालू. मग एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, ऊस कमी पडतो, आणि त्याच गट ऑफिसातला चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद ठेवणारा माणूस, मोटारसायकल लावून बिगरसभासदाच्या ओट्यावर चहा पितो. ‘दादा, दुसरीकडं घालू नका बरं का.’ दादा हळूच शेअर्सचा विषय काढतात. चिटबॉय बशीत बघतो. ‘अर्ज द्या, बोर्डापुढं ठेवू.’ ऊस घ्यायला कुणाची ना नाही हो. सभासद केलं की मत द्यावं लागतं, तिथं गाडी अडते.

आता 2022 साल घ्या. जुलैत बातुमीला जॉर्जियानं इटलीला 28-19 हरवलं. नोव्हेंबरात कार्डिफला, म्हणजे वेल्सच्या वाड्यात जाऊन, वेल्सला 13-12 हरवलं. एका हंगामात दोन सभासदांपेक्षा उतारा जास्त. बोर्डानं काय केलं? अर्ज पुढच्या सभेत ठेवला. आणि सभासद? इटली या स्पर्धेत 2015 पासून सलग 36 सामने हरला, मार्च 2022 मध्ये एकदाचा जिंकला, शेअर जागेवर. वेल्सनं 2024 ला पाचच्या पाच सामने घालवले, 2025 ला परत पाचच्या पाच. शेवटच्या नंबराला लाकडी चमचा मिळाला असं म्हणायची तिकडे रीत आहे. चमचा प्रत्यक्षात कुणी देत नाही, नुसतं म्हणायचं. आमच्याकडच्या बोनसच्या घोषणेसारखं.

जॉर्जियाला का घेत नाहीत, याची उत्तरंही ओळखीची. तिबिलिसी लांब पडतं (अंतराचा दर परवडत नाही). तिथे बाजारपेठ नाही (साखरेला उठाव नाही). मैदान नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण तिबिलिसीच्या दिनामो स्टेडियमवर पन्नास हजारांवर माणूस बसतो. खरं कारण असं की सिक्स नेशन्स ही त्या सहा संघटनांची स्वतःच्या मालकीची पेढी आहे. 2021 मध्ये त्यांनी सातवा हिस्सा विकलाही, पण तो जॉर्जियाला नव्हे. सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीला. सातव्या खुर्चीवर पैसा बसला. तो स्क्रममध्ये रेटा लावत नाही, पण लाभांशाला वेळेवर हजर असतो.

स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ गडी माना खाली घालून एकमेकांना रेटतात ते. त्यात जॉर्जियाच्या पोरांना जगात मान आहे, आणि त्याचं मूळ आपल्याला कळण्यासारखं. ती मूळची पैलवानांची जात. चिदाओबा नावाची त्यांची जुनी कुस्ती ढोल आणि सनईच्या जातीच्या वाद्यावर चालते. 2018 मध्ये युनेस्कोनं ती वारशाच्या यादीत घेतली. हलगी कडाडल्याशिवाय ज्यांच्या जत्रेतली कुस्ती सुटत नाही, त्या आपल्याला ही माणसं पाव्हणी लागतात.

आणि पाव्हण्यांची गाठ पूर्वी पडलेली आहे. 1952, हेलसिंकी. सोविएत संघाच्या नावावर फ्रीस्टाइल कुस्तीची दोन सुवर्णं जमा झाली, ती दाविद त्सिमाकुरिद्झे आणि आर्सेन मेकोकिश्विली यांची. दोघेही जॉर्जियाचे. म्हणजे पाटीचं दुखणं त्यांना तेव्हापासूनच. त्याच ऑलिंपिकात, त्याच फ्रीस्टाइलमध्ये बॅंटमवेटचं कांस्य कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी घेतलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं.

तेव्हा जॉर्जियाची कीव करत बसायच्या आधी आपला काटा तपासावा. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. सरकारदरबारी तेव्हाही बहुधा ‘लागणीची तारीख बघू’ चाललं असावं. पदक घेऊन पैलवान परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाचं बरं असतं, त्याला बोर्डाची मंजुरी लागत नाही. खाशाबा 1984 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. सभासदत्व मंजूर झालं, पण वारसांच्या नावे.

ही जुनी गोष्ट झाली म्हणणाऱ्यांसाठी ताजी सांगतो. 5 ऑगस्ट 2023, बर्लिन. साताऱ्याची अदिती स्वामी, वय 17. जागतिक तिरंदाजीच्या अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण, समोर मेक्सिकोची आंद्रेया बेसेरा 147 वर. पोरगी जगज्जेती. पण तिच्या हातात धनुष्य कंपाउंड, चाकं आणि दोऱ्यांचं. ऑलिंपिकात 1972 पासून सभासद कोण, तर रिकर्व्ह. त्यामुळे पुढच्याच वर्षी पॅरिसला तिच्या प्रकाराची नोंदच नव्हती. जगात पहिली, आणि ऑलिंपिक बघायचं ते टीव्हीवर.

2028 च्या लॉस एंजेलिसला कंपाउंड घेतलंय म्हणे. कशात, तर फक्त मिश्र सांघिक प्रकारात. एका देशाची एक जोडी, एक पुरुष आणि एक बाई. एकटीनं जग जिंकलेल्या पोरीला एकटीनं खेळायची सोय अजून नाही.

पण चिटबॉय ओट्यावर येऊन चहा पिऊन गेला, एवढं खरं.